नावाची ओळ

तिबेरियाच्या वरच्या वस्तीत मझाल अर्बीबचं घर कुणीही दाखवील, आणि दाखवताना बजावील की जेवून जाऊ नका. गुरुवारी संध्याकाळपासून तिच्या जिन्यात कुसकुसची वाफ आणि खिमा भरून तळलेल्या बटाट्यांचा वास असा कोंदतो की वरच्या मजल्यावरची पथ्यावरची माणसं खिडक्या लावून बसतात. बाई सत्तरीच्या पुढची, ठेंगणी, पायांना सूज आलेली. जिभेला नाही.

तिचं आयुष्य सांगायला फार वेळ लागत नाही. जन्म त्रिपोलीच्या ज्यू मोहल्ल्यातला, बाप मसाले विकणारा. सगळा मोहल्ला बोटीत बसला तेव्हा तीही बसली. हैफाला उतरली, छावणीत तंबूत राहिली, तंबूतच लग्न झालं, तंबूतच पहिलं मूल झालं. मग दोन खोल्यांचं सरकारी घर, आणखी चार मुलं, आणि शाळेच्या स्वयंपाकघरात उभ्याने काढलेली वर्षं. नवरा फरश्या बसवायचा. नाव खलिफा, पण राज्य स्वतःच्या खुर्चीवरसुद्धा कधी चाललं नाही. आधी आईचं चाललं, मग बायकोचं.

आई म्हणजे मझालची सासू, हबीबा. हबीबाचा अर्थ लाडकी. कुणाची, ते मझालला कधी कळलं नाही. साखरेच्या डब्याला कुलूप होतं. पहिला नातू मांडीवर दिला तेव्हा म्हातारी एवढंच म्हणाली, "कान बापाचे आहेत, बरं झालं." जन्मभर सुनेच्या हातचं खाल्लं, पण चांगलं झालंय असं चुकूनही म्हणाली नाही. हे सगळं मझाल हसत सांगायची. दोन गोष्टी मात्र हसण्यावारी नेता आल्या नाहीत.

पहिली नावाची. मझालचं मूळ नाव फोर्तुना. बंदरावर टेबलामागे बसलेल्या कारकुनाने ते ऐकून तोंड वाकडं केलं. "हे इटालियन झालं. अर्थ काय याचा?" कुणीतरी म्हणालं, दैव. "मग मझाल लिहितो. तेच ते." शाई वाळायच्या आत पोरगी मझाल झाली. त्याचं तिला फारसं वाटलंही नसतं, कारकून परका माणूस. पण लग्न ठरल्यावर एका संध्याकाळी तिच्या आईने तंबूबाहेरून "फोर्तुना" अशी हाक मारली आणि हबीबा पडदा सारून बाहेर आली. "इथे कुणी फोर्तुना नाही. माझी सून मझाल आहे. पुन्हा ते नाव घ्यायचं नाही, विहीणबाई." मझालची आई आल्या पावली परत फिरली. पुढे लवकरच गेलीही. त्यानंतर ते नाव कुणाच्याच तोंडून मझालच्या कानावर पडलं नाही.

दुसरी गोष्ट पनीनाची. पनीना त्रिपोलीच्या कापडवाल्याची मुलगी. हबीबाला सून म्हणून तीच हवी होती. पण कापडवाला पोरीला घेऊन रोमला गेला आणि खलिफाच्या पदरात मसालेवाल्याची पोर पडली. भाजी खारट झाली की हबीबा उसासा टाकून म्हणायची, "पनीना कशी असेल कोण जाणे." बस, एवढंच. पण वर्षातून दहादा.

एक गोष्ट मात्र हबीबाने दिली होती, आणि ती मझालने जिवापाड जपली. लग्नाच्या आठवड्यात सासूने तिला तंबूत समोर बसवलं आणि पवित्र ग्रंथातली एक ओळ तिच्याकडून घोकून घेतली. दोघींनाही वाचता येत नव्हतं. सासूने म्हणायचं, सुनेने मागून म्हणायचं, चुकलं की मांडीला चिमटा. न्यायाची दारं माझ्यासाठी उघडा, मी आत येईन आणि देवाचे आभार मानीन, असा तिचा अर्थ.

"उभ्याने करायच्या प्रार्थनेच्या शेवटी ही ओळ म्हणायची, मगच देवासमोरून मागे सरायचं," हबीबा म्हणाली.

"का?"

"तुझी ओळ आहे म्हणून. विचारू नको, म्हण."

मझालने म्हटली. शाळेच्या मोरीपाशी म्हटली, बाळंतकळांत म्हटली, लढाईच्या दिवसांत तळघरात पोरांना पोटाशी धरून म्हटली. म्हातारपणी लष्करातल्या एका मुलीने वस्तीतल्या बायकांना अक्षरं शिकवली तेव्हा ती अडखळत वाचायला लागली, पण ही ओळ तिने पुस्तकात कधी शोधली नाही. पाठ असलेलं कोण शोधतं?

मग विसरायला लागली. आधी भांडी करपली. मग मुलाला दिराच्या नावाने हाक मारली. डॉक्टरकडे नेलं तर त्याने साल कोणतं ते विचारलं, पंतप्रधान कोण ते विचारलं. "जो असेल तो असेल," मझाल म्हणाली, "लक्षात ठेवायला त्याने माझं काय केलंय?" डॉक्टर हसला, पण नंतर खलिफाला बाजूला घेऊन जे सांगितलं त्यात हसण्यासारखं नव्हतं. मझालने ते दाराआडून ऐकलं. कान शाबूत होते.

प्रार्थनाघरात मंगळवारी बायकांचा वर्ग भरायचा. घ्यायची रब्बींची बायको ओशरात. तिशीच्या आतबाहेरची, चार पोरांची आई, आणि बोलायला लागली की पाचवं पोटात आहे हे विसरून टेबलावर चढून बसणारी. त्या मंगळवारी ती शब्दांच्या पोटातल्या अर्थांवर बोलत होती.

"देवाने जग विटांनी नाही बांधलं, अक्षरांनी बांधलं," ती म्हणाली. "म्हणून आपल्या शब्दाला आत खोल्या असतात. आता आपल्या ग्रंथाच्या भाषेतला सत्य हा शब्द घ्या. लिपीतलं पहिलं अक्षर, मधलं अक्षर आणि शेवटचं अक्षर. तिघं दूरदूर, पाय रोवून बसलेली. कुठूनही ढकला, पडत नाही. आणि असत्य? त्याची अक्षरं लिपीत शेजारशेजारची, एकमेकांना चिकटलेली, आणि उभी कशी, तर एका पायावर."

"एका पायावर?" मझाल म्हणाली. "मग आमचा पाण्याचा बंब दुरुस्त करणारा लंगडत यायला हवा. चांगला धडाधडा जिना चढतो आणि उद्या येतो सांगून जातो."

बायका हसल्या. ओशरातही हसली आणि नावांवर आली. नाव म्हणजे नुसती चिठ्ठी नव्हे, जिवाचा दोरा. हलवून न उठणारा माणूस नावाने हाक मारली की उठतो, तो उगीच नाही. मेल्यावर देवदूत कबरीवर थाप मारतो आणि विचारतो, तुझं नाव काय. माणूस इतका भेदरलेला असतो की स्वतःचं नावच आठवत नाही. म्हणून जिवंतपणी रोज एक ओळ म्हणायची, आपल्या नावाच्या पहिल्या अक्षराने सुरू होणारी आणि शेवटच्या अक्षराने संपणारी. ती नावाला दोन्ही टोकांनी धरून ठेवते. नाव निसटलं तरी ओळ येते, आणि ओळीमागून नाव.

मझालच्या अंगावर सरसरून काटा आला. एवढं होय म्हातारीच्या त्या ओळीत. गेले काही महिने रात्री छातीवर दगड असायचा तो जरा हलला. पंतप्रधान गेला, साल गेलं, पण ही ओळ काही जायची नाही. ती जिभेत मुरली होती.

"माझी आहे," ती म्हणाली. "सासूने दिलेली."

"म्हणून दाखवा ना, आजी."

मझालने म्हणून दाखवली. ओशरातने आधी मान डोलावली, मग तिची मान थांबली.

"ही सुंदर आहे. पण मझालची नाही, आजी. मझालची ही." तिने प्रार्थनेच्या पुस्तकाचं मागचं पान उघडून बोट ठेवलं. याकोबा, तुझे तंबू किती सुंदर, अशी काहीशी ओळ होती.

"तंबू सुंदर? हे म्हणणारा पावसात तंबूत राहिला नव्हता." मझालने पुस्तक परत सरकवलं. "मग माझी ती कुणाची?"

ओशरात बिचारी भोळी. तिने पान उलटलं आणि वाचलं, "ही... हं. ही पनीना नावाच्या बायका म्हणतात."

मझाल उठली, पिशवी घेतली आणि वर्ग संपायच्या आत घरी गेली.

खलिफा गॅलरीत चहा पीत होता, वर शेंगदाणे टाकून, ठरलेल्या खुर्चीत.

"अहो, तुमच्या आईला पनीनाच हवी होती."

"कोण पनीना?"

"कोण पनीना म्हणे. कापडवाल्याची."

"ती होय. नाकात बोलायची."

"म्हणजे नाक लक्षात आहे."

खलिफाने शेंगदाणे चावायचं थांबवलं. मझालने सगळं सांगितलं. जन्मभर सकाळ-संध्याकाळ ती देवाच्या दारात उभी राहून पनीनाचं नाव टिकवत होती. ती रोममध्ये रेशमी पलंगावर झोपली असेल, आणि तिची वरची सोय करायला तिबेरियात मझाल. स्वतःच्या नावासाठी एक शब्द नाही. आणि आता डोकं पाझरायला लागलं तेव्हा हे कळतंय.

"आई आता नाही," खलिफा म्हणाला. "भांडायचं तर जिवंत माणसाशी भांड."

"जिवंत आहे कोण इथे? तुम्ही?"

तंबूंची ओळ पाठ करायची तिने ठरवलं. फ्रीजवर कागद चिकटवला, आंघोळ करताना म्हणून बघितली. पण नवीन काही डोक्यात राहायचे दिवस गेले होते. पहिले दोन शब्द यायचे, मग जीभ आपल्या जुन्या वाटेने वळायची आणि ती पुन्हा दारं उघडा म्हणत उभी. तेव्हा ती मध्येच तोंड दाबून गप्प व्हायची. ओळच न म्हणता प्रार्थना संपवायला लागली. खलिफाला ते दिसत होतं. बायकोला घाबरलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं, लढाईतसुद्धा नाही. शेवटी तोच म्हणाला, "तुर्कियाला विचार. तेव्हाचं माहीत असलेली ती एकटीच उरलीय."

तुर्किया ही खलिफाची थोरली बहीण, ऐंशी ओलांडलेली, नेतान्याच्या बाजूला एका सहकारी खेड्यात मुलाकडे राहायची. मझाल दोन बस बदलून गेली. आपल्या मुलाने बरोबर येतो म्हटलं तर त्याला झिडकारलं, पण हातात पत्ता लिहिलेला कागद घट्ट धरून होती.

तुर्किया अंगणात ओल्या शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "कोण? खलिफाची बायको? आमचं जेवण झालं."

"जेवायला नाही आले, वन्सं. भांडायला आलेय."

"मग बस. सोलता सोलता भांड."

मझालने शेंगा पुढ्यात ओढल्या आणि सांगितलं. ओळ, पनीना, चिमटे, सगळं. तुर्कियाला ऐकू कमी यायचं, त्यामुळे मझालला आपलं दुःख दोनदा ओरडून सांगावं लागलं आणि शेजारच्या कोंबड्यांनाही कळलं. ऐकून झाल्यावर म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला.

"पनीनाची ओळ. अगं बये, आईला अक्षर तरी येत होतं का? ती कुठून आणणार पनीनाची ओळ?"

"मग कुठून आणली?"

"छावणीच्या टोकाला आपल्या मोहल्ल्यातले आंधळे गुरू नव्हते का राहत? त्यांच्याकडे गेली. मी होते ना बरोबर. चिखल असा, की माझा एक बूट अजून तिथेच असेल. आईने पदरात दोन अंडी घेतलेली. रेशनची. मला वाटलं, रात्री आम्हा भावंडांना मिळणार. तिने ती गुरूंच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, सुनेच्या नावाची ओळ द्या. त्यांनी विचारलं, नाव काय? आई म्हणाली, फोर्तुना."

मझालच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"काय म्हणालात?"

"फोर्तुना. बहिरी मी आहे की तू? गुरू म्हणाले, हबीबा, लोक तर तिला मझाल म्हणतात. आई म्हणाली, म्हणू देत. कारकुनाने तसं लिहिलंय. विणकराच्या सुनेने दोन नावं सांगितली तर तिचं रेशनकार्ड अडवून ठेवलं, पोर भाकरीवाचून राहिली. म्हणून मी घरात ते नाव काढू देत नाही. पण वर काही कारकून बसत नाही. वर तिला बापाने ठेवलेल्या नावानेच विचारतील. त्या नावाची द्या."

कोंबड्या फडफडल्या. तुर्किया शेंगा सोलत राहिली.

"मला का नाही सांगितलं?" मझालने विचारलं, पण इतकं हळू की तिला पुन्हा विचारावं लागलं.

"सांगितलं असतं तर तू छावणीभर बोलली असतीस. तुझं तोंड तेव्हाही असंच होतं."

"आणि पुढे? कार्डं गेली, छावणी गेली. मी तिला शेवटी तीन महिने कुशीवर वळवत होते. तेव्हा तरी सांगायचं."

"आई होती ती," तुर्किया म्हणाली. "तिला वाईट वागायची लाज नव्हती वाटत. चांगलं केलेलं सांगायची वाटायची."

थोड्या वेळाने तिला आणखी आठवलं. "निघताना गुरूंनी विचारलं, हबीबा, तुझी स्वतःची ओळ आहे का? देऊ का? तर आई म्हणते कशी, अंडी दोनच आहेत. ते म्हणाले, मी काही मागत नाही. तरी ऐकली नाही. फुकट घेईल ती आई कसली. चल म्हणाली मला, बूट शोधू नको, अंधार होतोय."

मझालने शेंगा आणि सालं एकाच टोपल्यात टाकली होती. तुर्कियाने ते पाहिलं, पण बोलली नाही. हे त्या घराण्याच्या मानाने फार झालं.

परतीच्या बसमध्ये मझालने खिडकीकडे तोंड केलं आणि आपली ओळ म्हटली. एकदा, मग पुन्हा. जन्मभर जे नाव पुसलं म्हणून ती सासूला मनातल्या मनात शिव्या देत होती, ते सासूने तिच्याच तोंडात ठेवून दिलं होतं, रोज दोनदा घासून लख्ख. चोराच्या भीतीने सोनं पिठाच्या डब्यात लपवावं तसं. आणि तीच मझाल त्या म्हातारीला आंघोळ घालताना, भरवताना, कर्तव्य करतेय बरं का, अशा चेहऱ्याने वावरली होती. शेजारच्या सैनिक पोराने विचारलं, आजी, बरं नाही का? "बरं आहे," ती म्हणाली. "फार बरं आहे. तुझी आई जिवंत आहे का? मग घरी गेल्यावर तिने काय काय लपवलंय ते विचार."

दुसऱ्या दिवशी ती ओशरातच्या दारात उभी राहिली. फोर्तुना हे नाव ऐकून ओशरातने पान काढलं, बोट फिरवलं आणि म्हणाली, "बरोबर हीच, आजी. अगदी हीच. आपल्या लिपीत प आणि फ एकच अक्षर, शेवटचं अक्षरही तेच, म्हणून पनीनाला आणि फोर्तुनाला एकच ओळ." मग जन्माचं नाव आधी का नाही विचारलं म्हणून स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

"ते राहू दे," मझाल म्हणाली. "आता हबीबाची काढ."

"त्या तर गेल्या ना?"

"ओळीशिवाय गेली. माझ्यामुळे. मेलेल्यासाठी दुसऱ्याने म्हटली तर पोचते का?"

ओशरात रब्बींना विचारायला आत गेली, बाहेर आली आणि म्हणाली, की गेलेल्याच्या नावाच्या अक्षरांच्या ओळी त्याच्या पुण्यतिथीला वाचतातच, मग रोज म्हटलं तर कोण अडवणार आहे. मग तिने हबीबाची ओळ शोधली, आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ती कंबर कसून बांधते, आपले बाहू बळकट करते. घराघरांत दर शुक्रवारी रात्री ताटावर बसण्याआधी घरच्या बाईचे गुण गातात, त्यातलीच ओळ. मझालला पाठ करायची गरजच नव्हती, लहानपणापासून कानात होती. हबीबा जन्मभर त्या टेबलाशी बसून स्वतःची ओळ ऐकत आली होती आणि तेव्हा तिचं लक्ष, कुणी जास्त ब्रेड तर घेत नाही ना, इकडे होतं.

"कंबर कसून," मझाल म्हणाली. "चिखलात. पदरात अंडी." आणि मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे वाहायला लागले. ओशरातने तिला पाणी दिलं.

त्या शुक्रवारी खलिफा गायला लागला तेव्हा मझालने त्या ओळीवर टेबलावर हात मारून त्याला थांबवलं. "पुन्हा म्हणा. ही तुमच्या आईची आहे." मुलं, सुना, नातवंडं बघत राहिली. खलिफाने पुन्हा म्हटली. तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज फुटला, तेव्हा मुलांनी सूर धरला.

मझालचं विसरणं थांबलेलं नाही. ते थांबत नाही, डॉक्टरने सांगितलंच होतं. आता ती सुनांची नावं एकमेकींना देते आणि गुरुवारचा स्वयंपाक सुना तिच्या देखरेखीखाली करतात, म्हणजे शिव्या खात करतात. पण दारातून आलेल्याला ती आधी बसवते, मग सासूची गोष्ट सांगते, कधी कधी एकाच माणसाला लागोपाठ दोनदा, आणि दर वेळी अंड्यांपाशी आली की डोळे पुसते. प्रार्थनेच्या शेवटी मात्र अडखळत नाही. आधी हबीबाची ओळ म्हणते, मग स्वतःची, मग मागे सरते.

एकदा तिच्या मुलाने विचारलं, "आई, तुझ्या नावाआधी आजीचं का?"

"दारातून आत जाताना मोठ्या माणसाने पुढे जायचं असतं," मझाल म्हणाली.

"आणि मी?" खलिफाने खुर्चीतून विचारलं.

"तुम्ही तुमची ओळ पाठ करा. नाहीतर मागून ढकलीन."